नातवाचं किंचाळणं : दुपारी चार ते सहा काय करू? (नेरुळ)

सदाफुली_नेरुळ | ३० जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज दुसरंच विचारायचंय.

नातू सात वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं. शब्द म्हणाल तर दहा-बारा. पाणी, टाटा, भू, दे. मला 'जी' म्हणतो, 'आ' अजून यायचाय. मुलगा तळोज्याला कारखान्यात, सून ऐरोलीला. दोघं घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. शाळेची व्हॅन पावणेचारला त्याला सोडते, तिथून पुढे तो आणि मी.

किंचाळायचा तो आधीही, पण एप्रिलपासून फार वाढलंय. रडणं नव्हे हे. डोळ्यांत टिपूस नसतो, एकदम वरचा सूर लागतो आणि तिथेच राहतो. कधी चार मिनिटं, कधी चाळीस. माझ्या डाव्या कानाला कमी येतं म्हणून सून गमतीने म्हणते, "आई, तुमचं बरंय." सिडकोची जुनी बिल्डिंग. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी त्यांचा भात झाला की नाही ते सांगू शकते, मग आमचं त्यांना काय काय ऐकू जात असेल! काल खालच्या मजल्यावरचे वर आले. भांडले नाहीत. "काकू, काहीतरी करा हो," एवढंच म्हणाले आणि गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

जवळ घेऊन पाहिलं, ढकलतो. दटावून पाहिलं. एकदा पाठीत धपाटा घातला, ते लिहितानाही लाज वाटते. मोबाइल दिला की बहुतेक वेळा थांबतो. दृष्टही काढली. मीठ-मिरच्या तव्यावर टाकल्या, त्या ठसक्याने तो आणखी किंचाळला आणि मी खोकत बसले. तेव्हा कृपा करून तो उपाय कुणी सुचवू नका.

थेरपी आठवड्यातून दोनदा चालू आहे. तिथल्या ताई म्हणतात, इथे तर तो शांत असतो. असेलही. पण घरी मी एकटी असताना त्या दोन तासांत काय करू?

घोडबंदरकर | ३० जून, ११.१५

काकू, एकच उपाय. पूर्ण दुर्लक्ष. आमच्या लेकीला असंच होतं. आम्ही पाठ फिरवून बसायचो, महिन्यात बंद. मोबाइल देताय ना, तिथेच चुकतंय.

पारसिक_बोगदा | १ जुलै, सकाळी ६.०५

घोडबंदरकर, जरा थांबा. आजींनी "एप्रिलपासून वाढलंय" असं लिहिलंय ते वाचलंत का?

माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता, बोलत नाही. कळव्याला राहतो आम्ही. नऊ वर्षांचा असताना तो असाच एकाएकी किंचाळायला लागला. आम्हीही शहाण्यासारखं दुर्लक्ष केलं. तीन आठवडे! पाठ करून बसायचं, मनात आकडे म्हणायचे. चौथ्या आठवड्यात न्हाव्याने केस कापताना सांगितलं, "ताई, याचा हा गाल गरम लागतोय." दाढेला गळू झालं होतं. तीन आठवडे पोर दुखतंय म्हणून सांगत होतं आणि आम्ही भिंतीकडे बघत होतो. ते माझं मीच स्वतःला अजून माफ केलेलं नाही, म्हणून इतकं लिहितेय.

आजी, वागणं-बिगणं नंतर, आधी शरीर. बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि दात, कान, घसा, पोट सगळं बघायला लावा. ही मुलं तपासू देत नाहीत, मग डॉक्टर लांबूनच "ऑटिझममध्ये असं होतंच" म्हणून मोकळे होतात. तसं झालं तर दुसरे डॉक्टर गाठा. आणि मला सांगा, शी रोज होते का? झोप कशी आहे? एखादं औषध बदललंय का? कानावर हात मारतो का? किंचाळताना मध्येच नजर थिजते, हाक मारली तर कळत नाही, असं काही? तसं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, ते फिटचंही असू शकतं. तोंडी वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून त्यांना जास्त कळतं.

सदाफुली_नेरुळ | १ जुलै, दुपारी १.२०

पारसिकताई, वाचून पोटात कालवलं. नजर थिजत नाही, माझ्याकडे बघूनच किंचाळतो. शीचं म्हणाल तर उलट त्याला वरचेवर पातळ होते, चड्डीला डाग असतात. सून रोज धुते. कान-दात दाखवते.

वाणीवाट | १ जुलै, दुपारी ३.५०

मी ठाण्यात वाचा-भाषा उपचारक आहे. मुलाला पाहिलेलं नाही, तेव्हा हे त्या मर्यादेतच घ्या.

पारसिक_बोगदा यांना पूर्ण अनुमोदन. ते डाग डॉक्टरांना आवर्जून सांगा. आत घट्ट खडा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं, असं बरेचदा होतं. घरच्यांना वाटतं जुलाब आहेत आणि असतं बरोबर उलटं.

दुसरं, आजपासून एक वही करा. प्रत्येक किंचाळण्याला तीन गोष्टी लिहायच्या. लगेच आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, आणि नंतर तुम्ही काय केलंत. वेळ आणि किती मिनिटं तेही. आठ-दहा दिवस. "चिडला", "हट्ट केला" असं लिहायचं नाही, ते आपलं मत झालं. कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं. मोबाइल दिल्यावर थांबला, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. कुणी रागावणार नाही.

दुर्लक्षाबद्दल. नुसतं लक्ष वेधायला किंचाळत असेल तर ते चालतं, पण आधी काही दिवस किंचाळणं हमखास वाढतं. लिफ्ट आली नाही तर आपण बटण दहा वेळा दाबतो ना, तसं. त्या वाढलेल्या दिवशी कंटाळून मोबाइल दिला, तर पोर शिकतं की चार मिनिटं पुरत नाहीत, चाळीस लागतात. आणि दुखत असेल, आवाज सहन होत नसेल, तर दुर्लक्षाने काहीच साधत नाही.

रात्रपाळी | १ जुलै, संध्याकाळी ७.३०

रागावलात तरी चालेल, दुसऱ्या बाजूने लिहितो. मी उरणला बंदरात रात्रपाळी करतो, राहायला कोपरीला. सकाळी नऊला झोपतो, पाचला उठतो. आमच्या वर असंच एक मूल आहे. साडेतीनला आवाज सुरू झाला की झोप गेली, आणि रात्री मला अवजड गाडी चालवायची असते. त्या आईशी मी कधीही वाईट बोललेलो नाही. पण तीही कधी काही बोलत नाही. जिन्यात दिसली की खाली बघून निघून जाते. मला वर्षभर वाटत होतं की ते पोराला मारतात. एकदा तर हेल्पलाइनला फोन लावायला निघालो होतो. खरं काय ते वॉचमनकडून कळलं.

एका वाक्यात सांगितलं असतं तरी मी कापूस घालून झोपलो असतो.

चिमणीची_आई | १ जुलै, रात्री ९.१०

सांगायचं कुणाकुणाला हो? लिफ्टमध्ये, रिक्षात, ट्रेनमध्ये, सगळ्यांना पोराची फाइल वाचून दाखवायची? माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं) आहे. आमच्या सोसायटीच्या एका सदस्याने मीटिंगमध्ये दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचा नियम वाचून दाखवला होता. तो नियम २००० सालचा. भोंगे, जनरेटर, वाजंत्री डोळ्यांसमोर ठेवून केलेला. त्यात माझ्या लेकीचा घसा बसवायला निघाले होते.

रात्रपाळी, हे तुमच्यावर नाही. तुम्ही निदान विचार तरी करताय.

आजी, एक अनुभव सांगते. चिमणी रात्री कूस बदलताना किंचाळायची. सगळ्यांनी सांगितलं सवय आहे, लाडावलीय. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला. डावा खुबा सांध्यातून सरकत चालला होता. चालू न शकणाऱ्या सीपीच्या मुलांमध्ये हे पुष्कळ होतं, म्हणून ठरावीक अंतराने एक्स-रे काढायचे असतात, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशननंतर ती रात्रभर झोपते. मी मात्र अजून दोन वाजता उठून बघते.

फिकट_निळा | २ जुलै, रात्री १२.५५

मी स्वतः स्वमग्न आहे, वय ३१, राहणार ठाणे. लहानपणी भरपूर किंचाळलोय, म्हणून आतून कसं असतं ते लिहितो.

सगळ्यांत वाईट मिक्सर. कानाने ऐकू येत नाही तो, दातांत येतो. आणि तो कधी सुरू होणार ते माहीत नसतं. मी किंचाळायचो कारण माझा आवाज माझ्या ताब्यातला होता, त्याखाली मिक्सर बुडायचा. आई धावत येऊन "काय झालं बाळा, काय पाहिजे, पाणी देऊ, इकडे बघ" सुरू करायची. तिचा एकेक शब्द म्हणजे आणखी एक मिक्सर. माझे काका मात्र काही न बोलता दिवा बंद करायचे आणि दोन हात अंतरावर फरशीवर बसायचे. त्यांच्यापाशी मी लवकर शांत व्हायचो.

तेव्हा आजी, तो सुरू झाला की तुम्ही गप्प. एखादाच शब्द, तोही हळू. त्याच्यासमोर उभं राहू नका, बाजूला खाली बसा. नंतर समजूतही घालू नका, तेव्हा डोकं रिकामं झालेलं असतं. आणि मिक्सर लावायच्या आधी त्याला रिकामं भांडं दाखवा. एवढ्यानेही फरक पडतो.

सगळंच किंचाळणं त्रासाचं नसतं, हेही जाता जाता. काही वेळा मी फक्त मजा म्हणून तो आवाज काढायचो, जिन्यात छान घुमतो.

घोडबंदरकर | २ जुलै, सकाळी ८.००

वरचं सगळं वाचलं. माझा प्रतिसाद घाईचा होता. आमचं लक्ष वेधण्याचंच होतं म्हणून चाललं असणार.

सदाफुली_नेरुळ | ११ जुलै, रात्री ११.०५

वही भरली. एलआयसीची जुनी डायरी होती, तिच्यात लिहिलं. नोकरीत असताना मीटर रीडिंगच्या नोंदी तपासायचं काम केलंय, त्यामुळे हात आपोआप चालला. जसंच्या तसं थोडं उतरवते.

सोम. ४.२०. वरणभात अर्धी वाटी खाऊन पंधरा मिनिटं झाली. सोफ्याच्या हातावर पोट टेकून आडवा. किंचाळला. ११ मि. मोबाइल दिला, फेकला.

सोम. ५.४०. मी चटणीला मिक्सर लावला. लगेच. कानावर हात. मिक्सर बंद केला, तरी ३ मि.

मंगळ. ४.३५. दूध प्यायला. परत सोफ्याचा हात. ९ मि. पाय पोटाशी.

मंगळ. ५.१५. बहिणीचा फोन. मी हसले. किंचाळला, माझ्याकडे बघत. फोन ठेवला. थांबला.

बुध. ४.१५. सोफ्याचा हात. १४ मि. (रविवारपासून धड शी नाही. डाग आहेत.)

नऊ दिवसांत २३ नोंदी झाल्या. त्यांतल्या बारा सोफ्याच्या हाताच्या, सहा मिक्सर किंवा कुकरच्या, चार माझ्या फोनच्या. एकीचं काहीच कळलं नाही. आम्ही सगळ्याला एकच नाव देत होतो, "त्याचं किंचाळणं". त्या सोफ्याच्या हातावर तो आडवा पडायचा तेव्हा मी "नीट बस" म्हणून ओरडायचे, ते वहीत लिहिताना लक्षात आलं.

शनिवारी वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. सून कामावरून थेट आली. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि सुनेचा हात धरून तिथे ठेवला. "लागतंय का?" डावीकडे खाली लिंबाएवढं घट्ट. वाणीवाट म्हणाल्या होत्या तेच. शाळेत तो संडासात जातच नाही, दाबून ठेवतो, आणि आम्ही जुलाब समजून त्याला केळं आणि साबुदाण्याची पेज देत होतो! पाण्यात विरघळवून द्यायची पावडर दिलीय. सुटलं असं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही, काही महिने लागतील, असं बजावलंय. जेवणानंतर दहा मिनिटं बसवायचं. आमचा कमोड उंच, त्याचे पाय लोंबकळतात. म्हणून खाली पाट ठेवला. सासूबाईंच्या वेळचा शिसवी पाट, पूर्वी त्यावर फक्त सवाष्णी बसायच्या.

आता फोनचं आणि मिक्सरचं काय करू?

वाणीवाट | १२ जुलै, सकाळी १०.३०

आजी, तुमची वही मी माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवली तर चालेल का? नाव न घेता.

आता पुढचं. किंचाळून त्याला जे मिळतं, तेच त्याहून सोप्या रीतीने मिळालं पाहिजे. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी विकासात्मक अपंगत्व असलेल्या चार मुलांवर हेच करून पाहिलं. मूल कशासाठी तसं वागतं ते आधी शोधलं, मग तीच गोष्ट मागायला शब्द शिकवले. वागणं खूप कमी झालं. आज जगभर ही रीत वापरतात.

तुमच्याकडे दोन पत्ते, म्हणजे चित्रांची कार्डं, पुरेत. एक "बास", एक "जी ये". जाड पुठ्ठा, हाताचा पंजा आणि तुमचा फोटो, वरून प्लास्टिक. शिकवायचं तो शांत असताना, किंचाळताना नाही. मिक्सर दुसऱ्या खोलीत, दार लावून, क्षणभरच चालू. मागून दुसऱ्या कुणीतरी त्याचा हात धरून "बास" पुढे करायचा, आणि तुम्ही त्याच क्षणी बंद करायचा. "शाब्बास, थांब हं, एवढंच होऊ दे" असं अजिबात नाही. पहिले दोन आठवडे पत्ता दाखवला की बंद, चटणी अर्धवट राहिली तरी. फोनलाही तेच. वाट बघायला नंतर शिकवता येतं.

पुढे मोबाइलवर न्यायचं असेल तर पवईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' फुकट आहे, मराठीतही बोलतं. पण आधी पुठ्ठा.

आणि घरातल्या तिघांनी एकसारखं वागायचं. रात्री बाबांनी किंचाळल्यावर मोबाइल दिला तर दुपारची मेहनत वाया.

पारसिक_बोगदा | १२ जुलै, दुपारी २.१०

लिंबाएवढं! बिचारं पोर.

आजी, तुम्ही नवी मुंबईतच आहात तर वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांसाठीच, तिथे चौकशी करा. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्रही आहे. 'निरामय' आरोग्य विमा काढलाय का? स्वमग्नता, सीपी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांना मिळतो, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही येते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या मुलाला आयकरात दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट (पूर्वीचं कलम ८० डीडी) मिळते का तेही बघा, जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाख. आम्ही चार वर्षं ते भरलंच नव्हतं.

निवांत_सीवूड्स | १२ जुलै, रात्री ९.४५

औषधाने नाही का थांबत? भाचीला रिस्पेरिडोन देतात, खूप शांत झालीय.

वाणीवाट | १३ जुलै, सकाळी ९.२०

ते ठरवणं मानसोपचारतज्ज्ञांचं किंवा मेंदूविकारतज्ज्ञांचं काम, माझं नाही. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी ते वापरतात हे खरं, वजन वाढतं हेही खरं. पण या मुलाला रिस्पेरिडोन दिलं असतं तर तो शांत झाला असता आणि खडा तसाच राहिला असता.

सदाफुली_नेरुळ | ६ ऑगस्ट, रात्री १०.१५

बरेच दिवसांनी येतेय. सोफ्याचा हात जवळजवळ बंद झाला. गेल्या आठवड्यात एकदाच, तेही शाळेत सहल होती त्या दिवशी. पाटावर पाय ठेवून बसतो, मी समोर स्टुलावर. आमची रोजची बैठकच झालीय ती.

"बास" शिकायला सोळा दिवस लागले. मधले चार दिवस किंचाळणं एवढं वाढलं की मी सुनेला म्हटलं, मी जाते गावाला. सतराव्या दिवशी मी बहिणीशी बोलत असताना त्याने पत्ता आणून माझ्या तोंडावरच ठेवला. "जी ये" नव्हे, "बास". मी फोन ठेवला. बहीण अजून रुसलीय.

खालच्यांकडे रात्रपाळी यांचं वाचून गेले होते, अळूवड्या घेऊन. सगळं सांगितलं. त्यांची पत्नी केमोथेरपी घेतेय, दुपारी तिला जरा डोळा लागतो. मला माहीतच नव्हतं. एकाच जिन्यात अकरा वर्षं राहतोय. आता मिक्सर मी सकाळी अकराला लावते आणि ती घरी नसेल त्या दिवशी ते मला मेसेज करतात.

रात्री आंघोळीच्या वेळचं किंचाळणं मात्र तसंच आहे. ते वहीत सुरू केलंय.

पण आज नवीनच झालं. समोरच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झालाय. हा बाल्कनीत गेला, "बास"चा पत्ता जाळीतून बाहेर काढून त्यांच्याकडे धरून उभा राहिला. बराच वेळ. हात दुखला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. ते काही थांबले नाहीत. मग किंचाळला. गणपतीला अजून तीन आठवडे आहेत हो.

फिकट_निळा | ६ ऑगस्ट, रात्री ११.३०

कानावर बसणारे मफ घ्या, बांधकामवाले किंवा विमानतळावरचे लोक घालतात तसे, लहान मापाचे. पण सराव सुरू असताना पहिल्यांदा घालू नका, फेकेल. शांत वेळी, आवडीचं काही चालू असताना मिनिटभर, मग दोन, असं. आणि दिवसभर घालून ठेवू नका, नाहीतर साधे आवाजही टोचायला लागतात. सराव रोज कधी असतो ते पथकाला विचारून घ्या. त्या वेळी त्याला पाम बीच रस्त्याच्या बाजूला फिरायला न्या.

आणि पत्ता दाखवल्यावर मिक्सर थांबतो पण ढोल थांबत नाही, हे त्याला आपण शिकवलेलंच नाही. माझ्याकडे "घरात" असा पत्ता होता. तो दाखवला की काका दार-खिडक्या लावायचे.

सदाफुली_नेरुळ | ७ ऑगस्ट, दुपारी २.००

सुनेने मफ मागवलेत. तोवर माझ्या जुन्या लोकरीच्या कानटोपीवर सराव केला, याने आजवर टोपीसुद्धा डोक्यावर ठेवलेली नाही. आज वाटाणे सोलताना चाळीस सेकंद ठेवली. मग काढून माझ्या डोक्यावर घातली आणि "जी" म्हणाला.

पथकाचा सराव सात ते नऊ. आज एकवीस-बावीसचा मुलगा भेटला त्यांच्यातला, म्हणाला विचारून सांगतो. "घरात"चा पत्ता कसा काढलात, चित्र काय होतं?